सोप्पा गोल

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसानं काय काय बघितलं ते सांगायचं असतं. माझी आधीच कबुली घ्या. धबधबा मी बघितला नाही. तो समुद्रातला पुतळा लांबनं बघितला. उंच इमारतीखाली उभा राहून वर बघितलं तर मान धरली, म्हणून परत गाडीत जाऊन बसलो. १९८४ सालच्या त्या पाच आठवड्यांत मी नीट बघितलं ते एका हाडांच्या दवाखान्यातलं बसायचं दालन, एका इटालियन बाईचं स्वयंपाकघर आणि माझ्या पोराचा गुडघा. पण एवढ्यातच असे धक्के खाल्ले की परत येऊन सहा महिने झाले तरी मी अजून सावरलेलो नाही.

मी कोल्हापूरचा. शाळेत पी. टी. शिकवून रिटायर झालो. बाकीच्या महाराष्ट्राला क्रिकेटचं खूळ, आमच्याकडं फुटबॉल. तालमीतालमीचे संघ, आणि फायनल असली की दुकानं बंद करून माणसं मैदानावर. तरुणपणी मी आमच्या तालमीच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड होतो, पुढं वीस-बावीस वर्षं कोच. ईर्षा हा शब्द तुमच्याकडं वाईट असेल, आमच्याकडं तो टूर्नामेंटचा प्राण आहे. हे सगळं आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी कसा वागलो ते ऐकून तुम्ही अगदीच दगड मारणार नाही.

मुलगा सुधीर अमेरिकेत एडिसन गावी इंजिनिअर आहे. त्याचा उजवा गुडघा चालता चालता दगा देतो. जिन्यावर तर दोनदा कोसळला. शेवटी ऑपरेशन ठरलं. सूनबाई अलका नोकरीवर, नात नेहा आठ वर्षांची, घरात कुणीतरी मोठं माणूस हवं. आमच्या सौ. लेकीच्या बाळंतपणात अडकल्या, म्हणून माझी रवानगी झाली. मनातून मला हे ऑपरेशन म्हणजे अमेरिकन थेर वाटत होतं. म्हणून मी पाव किलो आंबेहळद बरोबर घेतली. विमानतळावरच्या साहेबानं पुडी हुंगली, मला हुंगायला लावली, मग आणखी दोन साहेब बोलावून आणले. मी आपला गुडघ्यावर हात मारून "फॉर नी, फॉर नी" म्हणत राहिलो.

एडिसन

पहिला धक्का म्हणजे रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ. सकाळी धोतर नेसून फिरायला निघालो, तर पोलिसाची गाडी शेजारी येऊन थांबली. मी हरवलोय का, बरं वाटत नाहीये का, अशी आस्थेनं चौकशी झाली. चालतोय म्हटलं तर कुठं चाललोय विचारलं. कुठंच नाही म्हटल्यावर त्याला माझी जास्तच काळजी वाटायला लागली आणि त्यानं मला घरी आणून सोडलं. अलकानं कपाळावर हात मारला.

दुसरा धक्का नेहाच्या मॅचला. पोरी फुटबॉल खेळतात, आणि बऱ्या खेळतात. एका पोरीचा गुडघा खरचटला, तर कोचनं खेळ थांबवला, तिला उचलून बाहेर आणलं, संत्र्याच्या फोडी दिल्या, आणि दोन्हीकडच्या आयाबापांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं मेलं कोण. मी मोठ्यानं म्हणालो, "काय नाटक लावलंय? पट्टी बांध आणि घाल आत." नेहा म्हणाली, "आजोबा, शी इज हर्ट." सुधीर थर्मासमधला चहा ओतत राहिला.

मग दवाखाना. हाडाची डॉक्टर बाई निघाली, उंच, मनगटं पैलवानासारखी. तिनं फोटो उजेडाला धरला आणि सुधीरला विचारलं, हे कधी आणि कसं झालं. तो तोंड उघडायच्या आत मी बोललो, "स्कूटर. स्कूटर अॅक्सिडेंट."

बाई माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, गाडीवरून पडल्यासारखं हे वाटत नाही. पाय जमिनीत रोवलेला असताना अंग फिरलंय, आणि त्याच्यावर परत जोर पडलाय, बरं व्हायच्या आधीच. कसं झालं, किती वेळ पाय वापरला, हे नीट आठवून सांगा. आत गेल्यावर काय काय शोधायचं ते मला आधी ठरवता येईल. ऑपरेशन पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी होतं. सुधीर खाली फरशीकडं बघत होता.

तुम्हाला सांगतो, कारण तिला तेव्हा सांगितलं नाही. स्कूटर वगैरे काही नव्हती. म्हणजे स्कूटर होती, सुधीर तिच्यावरनं पडलाही होता, पण ते नंतर, गुडघा लुळा पडला म्हणूनच. गुडघा गेला तो फायनलला, पूर्वार्धात. सुधीर एकोणीस वर्षांचा, आमचा सेंटर फॉरवर्ड, आणि कोच मी. उत्तरार्ध तो तसाच खेळला, गोल मारला, आम्ही जिंकलो. ही गोष्ट त्याच्या आईला कळली असती तर तिनं मला घरात घेतलं नसतं. म्हणून मी स्कूटर पुढं केली, पोरानं हूं म्हटलं, आणि सोळा वर्षं ती बिचारी त्या स्कूटरला शिव्या घालते आहे. आता प्रश्न एवढाच होता, की गुरुवारच्या आत मी डॉक्टरबाईला खरं सांगणार की नाही. माझं उत्तर तयार होतं. नाही.

बसायचं दालन

त्याच दवाखान्यात पुढच्या खेपेला मला तो भेटला. नेहाला सुट्टी होती म्हणून ती बरोबर आली होती. तिच्या हातातून बॉल निसटला आणि घरंगळत समोरच्या चाकाच्या खुर्चीकडं गेला. खुर्चीत म्हातारा, चौऱ्याऐंशीचा, कोट, टाय, आरशासारखे बूट. त्यानं खाली न बघता डाव्या पायाच्या तळव्याखाली बॉल दाबला. बास. ज्यानं फुटबॉल खेळलाय त्याला आणखी काही सांगावं लागत नाही. मी उठून उभा राहिलो आणि बॉलकडं बोट करून भुवया उडवल्या. त्यानं छातीवर हात मारला आणि म्हणाला, "चेंत्राव्हांती!"

शेजारची त्याची मुलगी रोझा, पन्नाशीची, हसायला लागली. तिनं सांगितलं, पापा तरुणपणी इटलीत सेंटर फॉरवर्ड होता, अगदी सुरुवातीच्या काळात, जेव्हा तिकडंही लोकांना हा खेळ नवा होता. मग मीही छातीवर हात मारला. आम्ही दोघं तिथं एकमेकांना छात्या दाखवत बसलो. त्याचं नाव नीनो. साठ वर्षं अमेरिकेत काढली, पण इंग्रजी म्हणाल तर ओके, बॉस आणि एक शिवी. रोझानं तिथल्या तिथं रविवारी जेवायला बोलावलं. बिनओळखीच्या माणसांना! सुधीर म्हणाला, "अण्णा, इथं असं कुणी बोलवत नाही." मी म्हटलं, "सेंटर फॉरवर्ड बोलावतो."

पॅटर्सन

पॅटर्सन हे गिरण्यांचं जुनं गाव. लाल विटांच्या इमारती, निम्म्या बंद, खिडक्यांच्या काचा फुटलेल्या. रोझाचं घर एका गल्लीत, आणि गल्लीत माणसं! पायऱ्यांवर बसून चक्क गप्पा मारणारी. मला इतका आनंद झाला की दोघातिघांना उगीचच हात केला.

दारात नीनोची खुर्ची होती. खेळातला वडीलधारा माणूस, ज्यानं बॉलला शिवणीची दोरी असायची तेव्हा गोल मारले, त्याच्यासमोर आमच्याकडचा माणूस काय करतो? मी वाकलो आणि पाया पडलो. डाव्या पायाला हात लागला. उजव्याला लावला तर ठक्क वाजलं. आत पाय नव्हता. लाकूड होतं की काय होतं, पण पाय नव्हता, आणि माझ्या धक्क्यानं तो बूट आडवा फिरून दाराकडं तोंड करून बसला. माझे डोळे पांढरे झाले. मला वाटलं मीच मोडला.

सुधीर "सॉरी, सॉरी" करत पुढं धावला. रोझा तोंडावर हात धरून उभी. म्हातारा मात्र खो खो हसला, वाकून आपल्याच हातानं पाय सरळ केला आणि माझा गालगुच्चा घेतला. साठी उलटल्यावर गालगुच्चा! पाय दोन वर्षांपूर्वी घोट्याच्या वरनं काढला होता. दवाखान्यात तो नव्या बनावट पायाचं माप द्यायला येत होता.

जेवायला काय असावं? वजडी! टोमॅटोच्या रश्शात शिजवलेली आतडी-कोथळा, वर किसलेलं चीज. अमेरिकेत मला वजडी मिळेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. फक्त तिखट नावाला नाही. माझ्या खिशात कांदा-लसूण चटणीची पुडी असतेच. मी चिमूटभर घातली, नीनोनं ताट पुढं केलं, त्यालाही घातली. त्याच्या टकलावर घाम आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यानं ताट परत पुढं केलं. सुधीरनं तीनदा वाढून घेतलं. घरी अलका वजडीचं नाव काढू देत नाही.

मग मी म्हटलं, आता त्यांच्या खेळाचं सांगू द्या त्यांना. नीनो इटालियनमध्ये सांगायचा, रोझा सावकाश इंग्रजीत, आणि सुधीर मला मराठीत. इंग्रजी मला अगदीच येत नाही असं नाही. शाळेत गरजेपुरतं शिकवलंय. अमेरिकन नाकातनं बोलले की कळत नाही, पण रोझा बापाची सवय असल्यामुळं शब्द शब्द सुटा बोलायची. त्यामुळं मला प्रत्येक गोष्ट दीड वेळा कळत होती.

तो जिनोआजवळच्या एका बंदरातल्या पाववाल्याचा मुलगा. इंग्रज खलाशी कोळशाच्या वखारीमागं खेळायचे. बॉल भिंतीवरून बाहेर आला की परत देणाऱ्याला एक बिस्किट. नीनो बिस्किटासाठी जायचा. एक दिवस त्यानं बॉल हातानं न देता भिंतीवरून लाथेनं परत पाठवला, आणि खलाशांनी त्याला आत घेतलं. पहाटे बापाबरोबर कणीक तिंबायची, उन्हं उतरली की खेळायचं. पंधराव्या वर्षी गावच्या क्लबात गेला. तिथं सगळी कारकुनांची, व्यापाऱ्यांची पोरं, पाववाल्याच्या पोराशी बोलायचं नाही, पण बॉल मात्र त्यालाच द्यायचा. क्लब त्याला रोज दोन अंडी आणि मॅचच्या आदल्या दिवशी मटण द्यायचा. मी टेबलावर हात आपटला. आमच्या तालमीचा खुराक तोच, वर दूध.

मग पहिलं महायुद्ध लागलं, तो डोंगरात बंदूक घेऊन गेला, आणि परत आला तेव्हा क्लबातले निम्मे नव्हते. पुढची पाच वर्षं त्यानं गोलांचा पाऊस पाडला. किती गोल, विचारलं तर रोझा म्हणाली, आकडा दर ख्रिसमसला वाढतो. त्या बॉलला चामड्याची वादी असायची, पाणी प्यायला की तो धोंडा व्हायचा. हेडर मारला की वादीनं कपाळ फाटायचं. त्यानं माझा हात धरून कपाळावरचा व्रण चाचपायला लावला. गोलकीपरला खांद्यानं ढकलून बॉलसकट जाळ्यात घातलं तर तोही गोल! मी ऐकून थक्क झालो. आमच्याकडं असं केलं तर दुसऱ्या तालमीची माणसं मैदानात उतरतील.

आणि मग पत्र आलं. देशाच्या संघाच्या निवडीसाठी पुढच्या महिन्यात हजर राहा. पाववाल्यानं ते पत्र दुकानात पावाच्या टोपलीवर लावून ठेवलं. त्याच्या आत जिल्ह्याची फायनल होती.

इथं नीनो खुर्चीत पुढं सरकला, डोळे चमकले, बोट उंचावून म्हणाला, "गोल देल्लो त्सोप्पो."

मी एकदम खूष. सुधीरला म्हटलं, बघ, माणूस किती मोठा, फायनलचा गोल मारला आणि वर म्हणतोय सोप्पा होता! इटालियनमध्येही सोप्प्याला सोप्पोच म्हणतात! मी नीनोची पाठ थोपटली आणि "सोप्पा, सोप्पा, व्हेरी इझी" म्हणत राहिलो. तो गोंधळून रोझाकडं बघायला लागला. रोझाचं हसू मावळलं. ती म्हणाली, त्सोप्पो म्हणजे लंगडा. हा लंगड्याचा गोल.

माझा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला.

त्या काळी बदली खेळाडू नसायचा, तिनं सांगितलं. कुणाला लागलं तर तो बाहेर जायचा आणि संघ दहाचा व्हायचा. नाहीतर त्याला कडेला, विंगला नुसतं उभं करायचं, म्हणजे समोरचा एक माणूस तरी त्याच्यावर अडकतो. पण लंगडा काय करणार म्हणून कधी कधी त्याच्याकडं कुणाचं लक्ष नसायचं, बॉल त्याच्याकडं यायचा, आणि तो गोल मारून जायचा. इतक्यांदा घडलं की त्याला नावच पडलं. नीनोचा घोटा पूर्वार्धातच मोडला होता. मधल्या वेळात ट्रेनरनं बूट कापून काढला, पाय व्हिनेगरच्या पाण्यात बुडवला, दुसरा बूट चढवून नाडी करकचून बांधली.

रोझा म्हणाली, ट्रेनरनं पापाला सांगितलं, इट्स ओन्ली अ स्प्रेन.

सुधीर माझ्याकडं न बघता मराठीत म्हणाला, "ट्रेनर म्हणाला, काही नाही, मुरगळलंय." मग थांबला. आणि म्हणाला, "ट्रेनरला माहीत होतं."

एवढं इंग्रजी मला कळतं. रोझा ते म्हणाली नव्हती. मी तिच्याकडं बघितलं. ती पाव कापत होती.

बाकीचं मी ऐकलं, पण कुणीतरी भिंतीपलीकडं बोलत असल्यासारखं. शेवटच्या मिनिटांत बॉल कडेला आला. उभं राहायला डावा पाय लागत होता, म्हणून नीनोनं मोडलेल्याच पायानं मारला. गोल झाला. गावानं त्याला खांद्यावर घेऊन बंदरभर मिरवलं, पाय खाली लोंबत होता. निवडीचा दिवस आला आणि गेला. तेविसाव्या वर्षी खेळ संपला. अमेरिकेत आला तो लंगडतच. रंगाच्या कारखान्यात ओल्या फरशीवर चाळीस वर्षं उभा राहिला, घोट्याची जखम कधी नीट भरलीच नाही, त्यात साखर झाली, आणि शेवटी तोच पाय गेला. सगळी कारकीर्द पाच वर्षांची, आणि गावात आजही विचाराल तर त्यातला एकच गोल लोक सांगतात.

आमच्या फायनलला मधल्या वेळात तालमीचे वस्ताद सुधीरचा गुडघा दाबून बघून माझ्याजवळ आले होते. कानात म्हणाले होते, मास्तर, आत काहीतरी तुटलंय, पोराला परत मैदानात उतरवू नका. मी मान हलवली, सुधीरकडं गेलो आणि म्हणालो, काही नाही, मुरगळलंय. वस्तादांचं बोलणं मी एकट्यानं ऐकलंय असं मी सोळा वर्षं धरून चाललो होतो.

मी सुधीरला म्हटलं, "त्यांना सांग. मीही कोच होतो. मलाही माहीत होतं."

रोझानं विचारलं, काय म्हणतायत ते? सुधीरनं पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला, आणि सावकाश इंग्रजीत सांगितलं, की माझे वडील म्हणतायत की त्यांना माहीत होतं. रोझानं ते बापाला सांगितलं. नीनो बराच वेळ सुधीरच्या गुडघ्याकडं बघत राहिला. मग त्यानं एकच प्रश्न विचारला.

रोझा म्हणाली, "पापा विचारतोय, तुमच्याकडंही बदली खेळाडू नव्हता का?"

सुधीरनं त्याचं मराठी केलं नाही. करायची गरज नव्हती. मीच इंग्रजीत उत्तर दिलं. "होता. दोन पोरं बूट घालून बसली होती."

नीनोनं ते ऐकून घेतलं. मला वाटलं, शिवी देईल. ती एक शिवी त्याला इंग्रजीत येत होती. तीही त्यानं दिली नाही. खुर्चीची चाकं हातानं फिरवून तो सुधीरकडं वळला, आणि आम्ही निघेपर्यंत तो फक्त सुधीरशीच बोलला.

गुरुवार

पहाटेच दवाखान्यात पोचलो. सुधीरला कागदाचा झगा घालून खाटेवर झोपवलं होतं. डॉक्टरबाई फॉर्म घेऊन आली आणि विचारलं, काही आठवलं का. मी उभा राहिलो. म्हटलं, स्कूटर नाही. फुटबॉल. पाय रोवलेला असताना अंग फिरलं, तुम्ही म्हणालात तसंच. मी कोच होतो. लागलंय हे मला सांगितलं होतं, आणि मी याला पुन्हा खेळवलं. हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

बाईनं वर न बघता लिहून घेतलं. मग विचारलं, लागल्यावर किती वेळ खेळला?

"फॉर्टी मिनिट्स," मी म्हणालो. "पूर्ण उत्तरार्ध."

"पस्तीस," सुधीर खाटेवरून म्हणाला, मराठीत. "गोल झाल्यावर शेवटची पाच मिनिटं मी खाली बसून होतो, अण्णा. तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही."

मग बाईला त्यानं इंग्रजीत सांगितलं, आणि तिनं चाळीस खोडून पस्तीस लिहिलं.